घटापुरती माती

दसरा झाला आणि पंचफुलाबाईंचं हुडकेश्वरचं घर एका बाजूनं जमिनीत बसलं. पण तसं काही झालेलं नाही, असं धरून चालू. घर उभं आहे. दाराला तोरण आहे, आत चहा उकळतोय, आणि टेबलावर ठेवलेला कप आपला आपण भिंतीकडे सरकतोय, एवढंच. आपण आनंदाच्या प्रसंगापासून सुरुवात करू.

घटस्थापनेच्या सकाळी शेजारची भारती स्टीलची वाटी घेऊन फाटकाशी आली.

"काकू, घटापुरती माती द्या नं."

"काहून वं, तुह्या घरची कुठी गेली?"

"आमच्याकडे फाटकापासून मोरीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवले नं. चिखल येत होता घरात. ऑनलाइन माती मांगवली, तर नारळाचा भुसा आला. भुशात देवी बसते का?"

पंचफुलाबाईंचं अंगण दोन खाटा मावतील एवढं. अख्ख्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, गट्टू न बसलेली जमीन तेवढीच. गावची, कुहीची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, विकली तेव्हा तिच्यातली काळी माती त्यांनी ट्रॉलीभर आणून घराच्या पायाशी पसरली होती. बांधीवर आता लेआउट पडला होता आणि तिथंही गट्टू. म्हणजे ही संपली की संपली. पण घटाच्या मातीला नाही म्हणायचं नसतं. त्यांच्या सासूनं बोलचाल बंद असलेल्या घरालाही कधी नाही म्हटलं नव्हतं. पंचफुलाबाईंनी खुरपीनं वाटी भरली.

"दसरा झाला की परत आणून टाकजो, मा."

"हो नं काकू," भारती म्हणाली. 'या कधी चहाला' म्हणतात, त्याच सुरात.

मग वाट्यांची रांग लागली. वाट्यांमागून घमेली आली. शेवटी लेआउटचे सचिव बापूजी बादली घेऊन आले.

"एवढा मोठा घट आहे का गा, बापूजी?"

"घट तेवढाच आहे. म्हटलं पुढच्या वर्षीचीही नेऊन ठेवावी. तुमची संपली तर?"

सीताबर्डीच्या दुकानातून पंचफुलाबाईंचा मुलगा सुशील घरी आला आणि चप्पल न काढताच अंगणात थबकला.

"माय, काय करून राहिली तू? घराचा पाया दिसून राहिला!"

"देवीच्या कामाले नाही कसं म्हणू?"

"मग घर हवेवर ठेवू का आता?"

दुसऱ्या दिवशी खड्ड्यातली गांडुळं बाहेर आली आणि गट्टूंवरून एकामागे एक उमरेड रोडकडे, म्हणजे कुहीकडे, निघाली. त्यांना कोणी रस्ता सांगितला नव्हता. ऊन चढलं तशी ती वाटेतच वाळली. सगळ्यांची तोंडं तिकडेच होती. गांडुळाचं तोंड कुठलं ते चटकन कळत नाही, पण पंचफुलाबाईंना कळलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दसरा झाला. माती काही आली नाही. तेव्हा पंचफुलाबाई स्वतः घमेलं घेऊन भारतीच्या फाटकाशी उभ्या राहिल्या.

"शिरवली नं काकू, घटासंगच तलावात. देवीची माती कोणी परत मांगते का?"

पुढच्या फाटकाशी हेच. त्याच्या पुढच्याही. बापूजींनी मात्र बादली दाखवली. माती होती. त्यांनी बादलीतच तिच्यावर गट्टू बसवून घेतले होते.

"चिखल होतो," ते म्हणाले.

पंचफुलाबाई रिकामं घमेलं घेऊन वळल्या तेव्हा आभाळ भरून आलं होतं. परतीचा पाऊस. पाणी गट्टूंवर पडलं आणि मुरायला जागा शोधू लागलं. जागा एकच होती. प्रत्येक फाटकातून स्वच्छ, चिखल नसलेलं पाणी निघालं आणि काही न बोलता पंचफुलाबाईंच्या अंगणात शिरलं. पायाखालून बुडबुडे येऊ लागले. सुशील भिंतीला टेकू म्हणून लाकडी बल्ली लावत होता, आणि बल्लीच आत जात होती. मग भिंतीनं बोटं मोडल्यासारखा आवाज केला.

लेआउट छत्र्या घेऊन बघायला जमला.

"माय, बाहेर ये!" सुशील ओरडला.

पंचफुलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "काही करा नं गा, बापूजी! सचिव आहा नं तुम्ही?"

बापूजींनी छत्री मिटली, घसा साफ केला आणि ढगाकडे तोंड करून सभेच्या आवाजात सुरुवात केली:

"समस्त रहिवाशांच्या वतीने पावसास विनंती करण्यात येते की, सदर पाणी ज्या ज्या फाटकातून आले त्या त्या फाटकाने तात्काळ माघारी न्यावे, आणि श्रीमती पंचफुलाबाई यांचे घर पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत आहे त्या जागी राहू द्यावे."