बाराच्या बारा कोरे

"शून्य म्हणजे शून्य, ताई! बाराच्या बारा कागद कोरे." साहेबांनी गठ्ठा टेबलावर आपटला. "सायकल दुरुस्तीचा वर्ग उद्यापासून बंद. पोरांचं तिथं मनच नाही, तुमचेच फॉर्म सांगतात."

फॉर्मताई उभीच होती. युवा केंद्रात गेली चौदा वर्षं तिचं काम एकच. दर अर्ध्या तासानं वर्गात जाऊन घंटी वाजवायची; मुलांनी 'आत्ता मन किती रमलंय' याला पाचपैकी गुण द्यायचे; तिनं कागद गोळा करून वर पाठवायचे. वर काही बोलायचं नाही. हिच्या तोंडात जीभ आहे की नाही, असा प्रश्न खुद्द सासूबाईंना पडलेला.

"साहेब, कोरा म्हणजे शून्य कसं?"

"उत्तर नाही म्हणजे रस नाही. नियमच आहे तसा."

"पलीकडच्या वर्गात सगळे पाच देतात. का ठाऊक आहे? घंटी व्हायच्या आधीच पेन काढून, घड्याळाकडे बघत बसलेले असतात. खाली चला. आज घंटी तुम्ही वाजवा."

"आत्ता?"

"आत्ताच."

स्वतःचा आवाज ऐकून ती स्वतःच दचकली. पण पाय जिन्याकडे वळले होते.

तळघरात बारा डोकी सायकलींवर वाकलेली. दोन वेण्यांची एक मुलगी वाकडं चाक सरळ करत होती. एकेक तार कसायची, चाक फिरवायची, डोळा बारीक करून बघायची. साहेबांनी घंटी वाजवली. एकही मान वर झाली नाही. त्यांनी पुन्हा वाजवली, चांगली हात उंचावून.

"कोण टणटण करतंय रे?" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. "बाहेर जाऊन वाजव की!"

फॉर्मताईनं ओठ घट्ट मिटले. हसू आलं असतं तर नोकरीच गेली असती.

"काका, रिकामेच आहात ना?" वेण्यांवालीनं मान वर न करताच विचारलं. "मग ही सायकल धरा. घट्ट. हलवू नका हं!"

साहेबांनी धरली. चाक फिरलं.

"अजून डावीकडे जातंय," ती पुटपुटली.

"जातंय खरं." साहेब गुडघ्यांवर बसले. "ही तार कसून बघ. नाही, नाही, तिच्या शेजारची."

शिपाई धावत आला. "साहेब, मीटिंगला सगळे खोळंबलेत!"

साहेबांना ऐकूच गेलं नाही. शिपायानं पुन्हा हाक मारली. फॉर्मताईनं शांतपणे एक कागद काढला, नावाच्या जागी 'साहेब' लिहिलं, वेळ घातली आणि पुढचा रकाना कोरा ठेवून तो त्यांच्यासमोर धरला.

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. मग बारा डोक्यांकडे. मग स्वतःच्या काळ्या झालेल्या हातांकडे. खिशातला बंदचा हुकूम काढून त्यांनी तिथंच टराटरा फाडला.

"नियम बदलायला लागेल," ते म्हणाले. "मीटिंगमध्ये तुम्ही सांगा. मला असं नीट सांगता यायचं नाही."

चार पायऱ्या चढल्यावर फॉर्मताईच्या लक्षात आलं, जिन्यावर ती पुढे होती आणि साहेब मागून येत होते. ती बाजूला झाली नाही.