परत येण्याची तालीम

आमच्या बेटावरच्या या गावात कुणाला अमेरिकेचा व्हिसा हवा असला की तो आधी चर्चमध्ये मेणबत्ती लावतो आणि मग मिस व्हेरोनांच्या दारात उभा राहतो. मिस नाटक शिकवतात. मुलाखत शेजारच्या बेटावर, बार्बाडोसला होते आणि तिथल्या साहेबाला एकच गोष्ट पटवायची असते, की हा माणूस परत येईल. हे नाटकवाल्यांशिवाय कोण शिकवणार?

मिसनी उभा जन्म चर्चच्या हॉलमध्ये पोरं घडवण्यात घातला. दर शनिवारी. नीट उभं राहायला, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला, दुसऱ्याचं वाक्य मन लावून ऐकायला शिकवलं. जी चांगली निघाली ती एकेक करून ब्रुकलिनला नाहीतर टोरांटोला गेली. उरले माझ्यासारखे. मी जायफळाच्या गोदामात निवडणी करते आणि मिसच्या नाटकांत म्हाताऱ्या, पोलीस आणि झाडं होते.

किमरॉन त्यांच्या हाताला फार उशिरा लागला. मासे विकणाऱ्या ग्लोरियाचा नातू. तो स्टेजवर आला की लोक खोकायचं विसरायचे. मिसचे गुडघे गेले होते, आणि आपल्यामागे वर्ग यानेच चालवायचा हे त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मला कधी विचारलं नाही त्यांनी. वाईट वाटलं, पण माझंही मत त्यालाच होतं.

मग ब्रुकलिनच्या एका नाट्यशिबिराचं बोलावणं आलं. तीन आठवड्यांचं. फेब्रुवारीत आमच्या बेटाच्या स्वातंत्र्यदिनाच्या नाटकात मुख्य काम त्याचंच होतं, त्याआधी तो परत यायचा होता. मिसनी व्हरांड्यात तालीम घेतली. साहेब अर्थात मी.

"परत कशावरून येशील?" मी भुवया चढवून विचारलं.

"आजी आहे. घर आहे. जमीन आहे."

"जमीन? तुझ्या आजीकडे कुंडीसुद्धा नाही रे!"

"साहेब, चेष्टा पुरे," मिस मला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "आणि तू रे? ही पोपटपंची तो माणूस दिवसभर ऐकतो. तुझ्यापाशी खरं काय आहे ते शोध आणि तेवढंच बोल."

किमरॉन माझ्याकडे बघत सावकाश म्हणाला, "आमच्या मिसचे गुडघे गेलेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना चढतात आणि वर मलाच सांगतात, गुडघे ठणठणीत आहेत, जिनाच उंच झालाय. शनिवारी पोरं येऊन पायरीवर बसतात. मी नसलो तर त्यांना कोण बघणार? मी येणार."

"कोको उतू जाईल," असं पुटपुटत मिस आत गेल्या. चूल पेटवलेलीच नव्हती.

व्हिसा मिळाला. तो गेला. तीन आठवडे उलटले आणि फोन आला. मामेभावाने कुठल्याशा गोदामात काम लावून दिलं होतं. "थोडेच दिवस, मिस. इकडची थंडी सरेपर्यंत."

"बरं," मिस म्हणाल्या. "कान झाकत जा. जेवतोस ना वेळेवर?"

थंडी सरेपर्यंत म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बाजारात एक कोळी मोठ्याने ओरडला, "मिस, पोरगं झकास तयार केलंत हो! साहेबालाही गंडवलं आणि तुम्हालाही!" सगळा बाजार हसला. त्याच्याच हातातला मासा त्याच्या थोबाडावर मारावासा वाटला मला. मिस मात्र हसल्या आणि त्याच्याकडूनच मासे घेतले.

नाटक रद्द झालं. शनिवारी पोरं पायरीवर बसली होती, त्यांना मिसनी घरी पाठवलं आणि हॉलची किल्ली पाद्रीबाबांना परत केली. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. व्हरांड्यात टेकल्यावर त्यांनी विचारलं, "ओडेल, तू त्याच्या समोर बसली होतीस. मला बाजूने नीट दिसत नव्हतं. त्या दिवशी तो नाटक करत होता का गं?"

हो म्हणावं असं फार वाटलं. मिस चिडल्या असत्या, आणि चिडल्या की त्या ताठ उभ्या राहतात. पण त्यांच्यापुढे माझं खोटं चाललं नसतं.

"नाही, मिस. मनापासून बोलत होता. डोळे भरले होते त्याचे."

"मलाही तसंच वाटलं." त्या ॲप्रनचा काठ चुरगळत राहिल्या. "खोटं बोलला असता ना, तर मी त्याला सोडलंच नसतं. काहीतरी खोट काढली असती, अजून महिनाभर घोटून घेतलं असतं. खरं बोलला, म्हणून मीच म्हटलं, झालं तुझं, आता जा."

आणि मिस रडल्या. स्टेजवर रडताना तोंड लोकांकडे ठेवायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या, आणि मी नुसती बसून राहिले.