तीन वर्षं काय केलं?

महांतेशनं दारात चपला काढल्या आणि तिथंच थबकला. लोहाऱ्याच्या वाचनालयात सात बाया बसल्या होत्या. पुरुष औषधालाही नव्हता. भिंतीवर कागद चिकटवला होता: 'लेकरं वाढवून पुन्हा कामावर जाणाऱ्यांसाठी मोफत वर्ग, दर रविवारी.'

"बायकोला सोडायला आलात का?" कुणीतरी विचारलं.

"न्हाय. मीच आलोय."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वर्ग घेणाऱ्या चंद्रप्रभाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, तेवढ्या हसल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या. "फक्त बायांसाठी असं कुठं लिहिलंय?"

महांतेश जवळच्या सास्तूर गावचा. विहिरीवरची जळालेली मोटार खोलून तिच्यात नव्यानं तार भरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण लेक अर्पिता सातव्या महिन्यातच जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. बायको वैष्णवी दवाखान्यात नर्स, तिची नोकरी पक्की. दोघांनी विचार केला आणि महांतेश घरी राहिला. सहा महिने म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. पारावरचे लोक त्याला घरकोंबडा म्हणायचे. तो हसण्यावारी न्यायचा, पण लागायचंच. आता अर्पिता अंगणभर पळत होती, अंगणवाडीत तिचं नाव घातलं होतं. आणि महांतेशला मोटारदुरुस्तीच्या आपल्या जुन्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची धास्ती वाटत होती.

तिसऱ्या रविवारी मुलाखतीचा सराव म्हणून बाई खुर्ची ओढून मालक होऊन बसल्या. एकेकाला समोर बोलावू लागल्या. महांतेशची पाळी आली.

"तीन वर्षं काय केलं?"

"काय न्हाय. घरीच होतो."

"काय न्हाय?" मागून शिवरंजनी उसळली. जुळ्यांची आई ती. तिला शिवणाच्या कारखान्यात परत जायचं होतं. "दादा, सातव्या महिन्याचं लेकरू जगवलं तुम्ही. ते काय न्हाय असंल, तर आमी बी इतकी वर्सं झोपाच काढल्या म्हणा की!"

महांतेशची मान खाली गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा सांगा. केलं तेच सांगा. आणि तुमची काय अडचण आहे तीही आधीच सांगा. मागाहून तोंड लपवायची वेळ नको."

चार वेळा तो अडखळला. पाचव्यांदा सरळ बोलला.

मंगळवारी तो लोहाऱ्यात बंडप्पांच्या दुकानी गेला. पूर्वी इथंच काम करायचा.

"कुठं गायब हुतास रं? तीन वर्सं काय केलंस?"

"लेकरू सांभाळलं, मालक. सातव्या महिन्याची हुती, दर दोन तासाला थेंब थेंब दूध पाजावं लागायचं. आता पळती. कामाची सवय मोडलीय, आठ दिवस बघा. आन सकाळी तिला अंगणवाडीत सोडल्याबिगर येता यायचं न्हाय. दहा वाजतील. दुपारी बायको आणती तिला. संध्याकाळी लागंल तेवढा थांबतो."

बंडप्पांनी कोपऱ्यातल्या जळक्या मोटारीकडं बोट केलं.

पहिल्या दिवशी बोटं आखडली. वेढे चुकले, भरलेली तार सगळी उसवावी लागली. महांतेशला रडू यायचंच बाकी होतं. दुसऱ्या दिवशी निम्मी मोटार भरली. तिसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर मोटार एका सुरात घुमायला लागली. बंडप्पांनी वाकून कान लावला, हात फिरवून पाहिला.

"जमतंय की," ते म्हणाले. मग विचारलं, "ते बोलायचं कुठं शिकलास तू? आधी तर तोंडातून शब्द निघत नव्हता."

महांतेशनं वर्गाचं सांगितलं.

बंडप्पा फडक्याला हात पुसू लागले. "माझी सून बँकेत हुती. नातू झाल्यापासनं घरीच हाय. जाऊ का म्हणून विचारती, आन मी ऐकू न आल्यागत करतो." त्यांनी फडकं बाजूला टाकलं. "येत्या रविवारी धाडतो तिला. एकटीला बुजल्यागत व्हईल. तू असतूस न्हवं तिथं?"

"व्हय मालक," महांतेश म्हणाला, "असतो की."