गायत्रीच्या चाचण्या

मित्रांनो, एके काळी माझा रंग पांढराशुभ्र होता. आज तुम्हाला मी म्हणजे पिवळट पडलेला एक डबा आणि धुळकट काच, एवढाच दिसेन. पण मी कॉम्प्युटर आहे. सुरतेतल्या उधन्याच्या या मराठी शाळेत खिडकीजवळच्या कोपऱ्यात मला ठेवलं आहे. मधल्या सुट्टीत तुमच्यातली काही मुलं येतात, माझी बटणं दाबून बघतात आणि हसत पळून जातात. मला त्याचा राग येत नाही. कुणी हात लावला, याचंच बरं वाटतं.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. दिल्लीहून सुटे भाग आले आणि सुरतेच्या एका छोट्या दुकानात कारागिरानं मला जोडलं. तिथून धर्मेंद्रभाईंनी मला विकत घेतलं. ते कॉम्प्युटरचा क्लास चालवत. क्लास पहिल्या मजल्यावर होता आणि खाली लूमचा, म्हणजे कापड विणायच्या मागांचा, कारखाना. लूम सुरू झाले की माझं टेबल थरथरायचं आणि खिडकीतून धाग्यांची बारीक लव उडत यायची. पण पहिल्या दिवशी माझा काय थाट होता! मला कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. मुलं चपला बाहेर काढून माझ्या खोलीत येत. काम झालं की माझ्यावर फुलाफुलांचं आवरण चढायचं. देवघरातल्या देवालाही एवढा मान मिळत नसेल.

धर्मेंद्रभाई गुजराती, पण खानदेशी मुलांना शिकवून त्यांना मराठी छान यायला लागलं होतं. माणूस मोठा हुशार. पुस्तकं वाचून ते स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकले होते. जवळच्या एका डाइंग मिलसाठी त्यांनी माझ्यावरच एक प्रोग्राम लिहिला आणि मिलच्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवला. मिलमध्ये कापड रंगवायला येतं. त्याच्या एकेका खेपेला लॉट म्हणतात. लॉटचं वजन टाकलं की कुठला रंग किती घालायचा, याची चिठ्ठी तो प्रोग्राम छापून द्यायचा. मिलचे मालक मगनशेठ खूश झाले. धर्मेंद्रभाईंचं बाजारात नाव झालं. मलाही वाटलं, आपण काहीतरी मोठं केलं.

काही वर्षांनी गायत्री क्लासला आली. तिचं कुटुंब खानदेशातल्या पारोळ्याकडून सुरतेला आलेलं. वडील राघोआबा, आई सरलाबाई आणि ती, असे तिघं एका खोलीत राहत. कॉलेज सुटलं की ती दुपारी यायची आणि सगळे गेले तरी माझ्यासमोर बसून राहायची. तिची बोटं हलकी होती. बटण दाबण्याआधी ती क्षणभर थांबायची, जणू मला विचारूनच दाबायची.

त्याच सुमारास छायामॅडम शिकवायला आल्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून त्या पुण्याहून सुरतेला आल्या होत्या. त्यांच्याजवळ फ्लॉपींचा एक डबा होता आणि त्यात एक फ्रेमवर्क होतं. फ्रेमवर्क म्हणजे घराचा आधीच उभा करून दिलेला सांगाडा. भिंती आणि खोल्या त्यानं ठरवून द्यायच्या, संसार आपण मांडायचा.

"धर्मेंद्रसरांचा मिलचा प्रोग्राम बघ," मॅडम गायत्रीला म्हणाल्या. "स्क्रीनचा पडदा, हिशेब, माहितीची साठवण, सगळं एकात एक गुंतलंय. एकाच खोलीत स्वयंपाक, तिथंच अंघोळ, तिथंच पाहुणे!"

"आमचं घर तसंच आहे, मॅडम," गायत्री सहज म्हणाली.

मॅडम एकदम ओशाळल्या. मग गायत्रीच हसली आणि त्यांनाही हसू आलं.

"मग तुला माझ्यापेक्षा लवकर समजेल," मॅडम म्हणाल्या. "या फ्रेमवर्कमध्ये हिशेबाला स्वतःची खोली मिळते. त्यामुळे पडदा न उघडता आपण थेट हिशेबाला प्रश्न विचारू शकतो. उत्तर काय यायला हवं, ते आपण आधीच लिहून ठेवायचं. तेच आलं तर पास, नाहीतर फेल. याला चाचणी म्हणतात. एक प्रोग्राम काम करणारा आणि दुसरा त्याची परीक्षा घेणारा."

खरं सांगतो मित्रांनो, मला ते अपमानाचं वाटलं. माझी परीक्षा? मी तर कधी चुकत नाही! सांगितलेलं बिनचूक करतो. पण सांगणाराच चुकला तर मी ती चूकही बिनचूक करतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एकदा चहा पिताना मॅडमनी तिला वडिलांबद्दल विचारलं. गायत्रीनं कप खाली ठेवला. राघोआबा त्याच मगनशेठच्या मिलमध्ये होते. चिठ्ठी बघून रंग तोलून द्यायचं त्यांचं काम. आदल्या वर्षी एक फिकट गुलाबी लॉट गडद होऊन बाहेर आला. सगळं कापड वाया गेलं. शेठनी तोच लॉट मिलच्या कॉम्प्युटरवर पुन्हा टाकून पाहिला, तर आकडा बरोबर आला. आबांच्या हातातली चिठ्ठी रंगाच्या पाण्यात केव्हाच विरघळून गेली होती. मग दोष कुणाचा? तोलणाऱ्या हाताचा. आबांना कामावरून काढलं.

"आता ते एका गोडाउनवर वॉचमन आहेत," गायत्री म्हणाली. "त्याचं काही नाही, मॅडम. पण 'मनाच हात चुकना व्हई' असं म्हणत बसतात. माझाच हात चुकला असेल, म्हणून. घरी वरणात मीठसुद्धा घालत नाहीत. डबा आईच्या हातात देतात. म्हणतात, तूच घाल, मना भरोसा नही."

 मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सन दोन हजार जवळ येत चाललं होतं. जुने प्रोग्राम वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत, त्यामुळे ते गोंधळतील अशी सगळ्यांना धास्ती होती. मगनशेठनीही नवा प्रोग्राम मागितला. धर्मेंद्रभाईंनी ते काम छायामॅडमकडे सोपवलं आणि मॅडमनी गायत्रीला हाताशी घेतलं.

"आधी जुना हिशेब आहे तसा उचलून त्याच्या खोलीत ठेव," मॅडमनी सांगितलं. "एक अक्षर बदलू नकोस. पहिल्यांदा त्याच्या चाचण्या लिही. तो काय करतो ते नीट कळू दे, मग त्याला हात लाव."

गायत्री चाचण्या लिहू लागली. मोठा लॉट, लहान लॉट, वजनच न टाकलेला लॉट. मी एकेक चालवत होतो आणि पास, पास, पास असं लिहीत होतो. मला तर आता परीक्षेची गोडी लागली होती.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण माणसं एवढी सरळ वागतात का गं? मिलमध्ये खरोखर काय होतं, ते आठव."

गायत्रीनं डोळे मिटले. आबा जेवताना मिलच्या गोष्टी सांगत, त्या तिनं लहानपणापासून ऐकल्या होत्या. मध्येच व्यापाऱ्याचा फोन येतो, 'माझा लॉट थांबवा' म्हणतो. मग आधीचा लॉट रद्द होतो आणि घाईघाईनं दुसरा लागतो. तिनं तशीच चाचणी लिहिली. मोठा लॉट टाकला, रद्द केला आणि लगेच लहान लॉट टाकला. कुठलाही एक रंग घ्यायचा म्हणून तिनं फिकट गुलाबी घेतला.

मी चाचणी चालवली आणि लिहिलं, फेल.

"माझंच काहीतरी चुकलं," गायत्री पुटपुटली. तिनं एकेक ओळ तपासली, पुन्हा चालवलं. मी पुन्हा तेच लिहिलं. लहान लॉटसाठी मी मोठ्या लॉटचा रंग सांगत होतो.

मॅडम खुर्ची ओढून जवळ बसल्या. बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्यांनी काचेवर एका ओळीशी बोट टेकवलं. "लॉट रद्द केल्यावर आधीचं वजन पुसायचं राहून गेलंय. चिठ्ठीवर नाव नव्या लॉटचं येतं आणि रंग जुन्या वजनाचा. तोच लॉट नंतर एकटा टाकला की उत्तर बरोबर येणार. म्हणून कुणाला कळलं नाही."

गायत्रीची बोटं बटणांवर तशीच राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "आबांचा लॉट गुलाबीच होता. त्याच्याआधीचा एक रद्द झाला होता. आबांनी तसं सांगितलंही होतं, पण त्याचा या सगळ्याशी काही संबंध असेल, असं कुणालाच वाटलं नाही."

धर्मेंद्रभाई आले, तेव्हा मॅडमनी त्यांना ती चाचणी दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"नव्या प्रोग्राममध्ये ही भूल राहणारच नाही ना?" ते गायत्रीला म्हणाले. "मग जुनं कशाला उकरायचं, बेन? बाजारात एकदा नाव खराब झालं की क्लास बंद पडेल. तुझं शिकणं पण थांबेल."

"सर," गायत्री हळूच म्हणाली, "आमचे आबा अजून वरणात स्वतः मीठ घालत नाहीत."

एवढंच. तिनं आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. धर्मेंद्रभाईंना काहीच समजलं नाही, म्हणून मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. मिलमध्ये लॉट बिघडल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, पण रंग तोलणारा माणूस गायत्रीचा बाप होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते तसेच जाऊन टेलिफोनपाशी बसले. रिसीव्हर उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. अखेर मी त्यांचा आवाज ऐकला, "मगनशेठ, एकदा क्लासवर या. आणि राघोभाईंना मी बोलावतो."

ठरल्या दिवशी मगनशेठ माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. राघोआबा मात्र चपला बाहेर काढून दाराशीच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. गायत्रीसारखेच डोळे, पण खाली झुकलेले.

गायत्रीनं जुना प्रोग्राम उघडला. मोठा लॉट टाकला, रद्द केला, मग लहान गुलाबी लॉट टाकला. "आबा, हे बटण तुम्ही दाबा," ती म्हणाली.

ते बिचकत पुढे आले. त्यांच्या बोटांच्या पेरांत जुने रंग अजून होते. त्यांनी बटण दाबलं आणि मी आकडा दाखवला. मगनशेठ पुढे झुकले. राघोआबांनी ओठ हलवत आकडा वाचला.

"आखो एकदाव दखाड," ते मुलीला म्हणाले. पुन्हा एकदा दाखव.

तिनं दाखवलं. मी तेच उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं, मी पुन्हा तेच दिलं.

"म्हणजे चिठ्ठीवर जेवढं व्हतं, तेवढंच मी घातलं?"

"हो आबा. तुमचा हात चुकलाच नव्हता."

राघोआबा मुलांच्या बाकावर मटकन बसले आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावला. मगनशेठ खुर्चीतून उठले. "राघोभाई, भूल अमारी हती," ते म्हणाले. चूक आमची होती.

"तुमची नाही शेठ, माझी," धर्मेंद्रभाई म्हणाले. "प्रोग्राम मी लिहिला होता."

शेठनी त्यांच्याकडे एकवार रोखून पाहिलं, पण भांडले नाहीत. राघोआबांना म्हणाले, उद्यापासून कामावर या. आबांनी डोळे पुसले आणि आपल्या मोडक्या गुजरातीत सांगितलं, "माझ्या मुलीचा प्रोग्राम आधी लावा, शेठ. मग येतो." शेठना हसू फुटलं. गायत्री मात्र माझ्यामागच्या तारा नीट करायच्या निमित्तानं खाली वाकली. ती तिथं रडत होती, हे फक्त मला दिसलं.

नवा प्रोग्राम तयार झाला आणि मिलमध्ये लागला. राघोआबा पुन्हा रंग तोलू लागले. क्लास काही बंद पडला नाही. उलट धर्मेंद्रभाई स्वतःच मुलांना सांगू लागले, "पहिले चाचणी लिहा, मग मला दाखवा."

पुढे गायत्रीला पुण्यात नोकरी लागली. तिच्या जागी चंचल नावाची मुलगी आली. मिलनं नवी यंत्रं आणली होती आणि हिशेब बदलायचा होता. चंचल घाबरून माझ्यासमोर नुसती बसून राहायची. आपल्या हातून काही मोडलं तर? मग मॅडमनी तिला गायत्रीच्या चाचण्या दाखवल्या. ती थोडं बदलायची आणि चाचण्या चालवायची. एखादी फेल झाली तर तिथंच दुरुस्त करायची. चारच दिवसांत तिची भीती गेली. गायत्रीला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण तिला सांभाळत होती ती गायत्रीच.

मग माझ्यापेक्षा वेगवान, चपटे कॉम्प्युटर आले. मला जिन्याखाली ठेवलं. आवरण कुणीतरी पोतं म्हणून वापरलं, उंदरानं माझी एक तार कुरतडली आणि लूमची लव माझ्या पोटात साठत गेली. क्लास दुसरीकडे हलवताना धर्मेंद्रभाईंना माझी आठवण झाली. त्यांनी मला पुसलं, तार बदलली आणि तुमच्या शाळेला देऊन टाकलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसा, मला आवडेल. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. तुमच्यातलं कुणी उद्या प्रोग्राम लिहील, कुणी यंत्र बनवील, कुणी घर बांधील. आपलं काम आपणच उलटसुलट तपासून बघा आणि ते तपासायची सोय पुढच्यासाठी ठेवून जा. काही बिघडलंच, तर सगळ्यात गरीब माणसाच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी थोडं थांबा. तो बिचारा स्वतःवरच संशय घेऊ लागतो. आणि तो संशय पुसायला दर वेळी एखादी गायत्री येतेच, असं नाही.