मतदान नव्या शाळेत

दोन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि शेळ्यांच्या गोठ्यात पाय ठेवायला कोरडी जागा उरली नव्हती. जेवण झाल्यापासून थोरली फावड्याने लेंड्या आणि भिजका पाला ओढून दाराबाहेर टाकत होती. कंबर बोलायला लागली होती. शेळ्या मात्र भिंतीकडेला पाहुण्यांसारख्या उभ्या राहून तिचं काम बघत होत्या.

"बघा, बघा. घाण तुम्ही करा, काढते मी," ती त्यांना म्हणाली, आणि तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

दारात सुतारमामा होता. अंगात इस्त्रीचा सदरा, केस चापून बसवलेले आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलात. त्याच्यामागे सुईण आजी, तिच्यामागे वीटभट्टीवाला आणि त्याची बायको, आणि त्यांच्याही मागे अख्खी वरची आळी चढ चढून येत होती. एवढी माणसं थोरलीच्या दारात आजवर एकदाच आली होती, तिचा नवरा गेला तेव्हा.

"कोण गेलं?" तिने फावडं भिंतीला टेकवत विचारलं.

"कुणी गेलं नाही. मत द्यायला आलोय," सुतारमामा म्हणाला.

"माझ्या गोठ्यात?"

"गोठा तुझा असेल. शाळा गावाची आहे."

आता यात सुतारमामाचं काही चुकत नव्हतं. तो गोठा म्हणजे एके काळची शाळाच. गावात पहिली शाळा होती ती पडली, तिला सगळे जुनी शाळा म्हणायचे. मग चढावर ही दगडी बांधली, ती नवी शाळा. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तिच्या भिंतींचा चुना ओला होता. पुढे छप्पर गळायला लागलं, पोरं खाली रस्त्याकडेच्या इमारतीत गेली, इथे थोरलीच्या शेळ्या आल्या. पण नाव काही गेलं नाही. शेळी हरवली तरी लोक म्हणायचे, नव्या शाळेकडे बघा. आणि खालच्या शाळेला, तिचा रंग अजून वाळला नसला तरी, सगळं गाव 'रस्त्याची शाळा' म्हणायचं.

मतदान दरवेळी गावच्या ऑफिसात व्हायचं. यंदा ऑफिसचं छप्पर उतरवलेलं, म्हणून गाडीवर भोंगा लावून पुकारलं होतं, मतदान नव्या शाळेत. पुकारणारा बाहेरगावचा. त्याच्या डोळ्यांना जी नवी दिसली, ती त्याची नवी. खालच्या आळीच्या समोरच टेबलं लागली, त्यांना भोंग्याची गरजच पडली नाही. वरच्या आळीची रीत वेगळी. आधी शेतातलं उरकायचं, अंघोळी करायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून जायचं. तसे ते सगळे मिळून आले, चुकीच्या जागी.

"पण मला कुणी विचारलं नाही ते," थोरली म्हणाली.

"सरकार विचारतं होय कधी?" वीटभट्टीवाला म्हणाला. "साहेब लोक येतील आता पेटी घेऊन. चिखलात गाडी रुतली असेल कुठंतरी."

हे थोरलीला पटलं. गोठ्यात सरकार येणार म्हटल्यावर तिची धांदल उडाली. तिने शेळ्या मागच्या खोलीत कोंबल्या. वीटभट्टीवाल्याच्या बायकोने न सांगता केरसुणी घेतली. दोघींनी मिळून जुना फळा काढून त्याला दगडांचे पाय लावले आणि साहेबांसाठी टेबल तयार केलं. सुईण आजीला पालथ्या घमेल्यावर बसवलं. आळीने आपली आपण रांग लावली आणि रांगेत गप्पा सुरू झाल्या. कुणाची भेंडी पावसाने झोपली, कुणाच्या बैलाने कुणाचा बांध मोडला. थोरली उगाच इकडून तिकडे फिरत होती. माणसांचा आवाज तिला फार दिवसांनी इतक्या जवळून ऐकू येत होता आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं.

एकच गोष्ट तिला टोचत होती. ही सगळी मंडळी धाकटीला मत द्यायला आली होती.

धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी जाऊ. एका चुलीवर स्वयंपाक केलेल्या, एकमेकींच्या तापात उशाशी बसलेल्या दोघी. मग एकदा थोरलीच्या शेळ्यांनी धाकटीच्या वांग्यांची रोपं साफ केली, आणि धाकटी भर रस्त्यात म्हणाली, "शेळ्यांना काय बांधायचं, आधी हिलाच दावं लावा." लोक हसले. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं ते झालंच. अगदीच बोलायची वेळ आली तर थोरली शेळीला सांगायची आणि धाकटी भिंतीला, आणि ज्याचं त्याला बरोबर पोचायचं.

आता ती धाकटी निवडणुकीला उभी होती. नळाचं पाणी दुकानदाराच्या दारापाशी येऊन थांबलं होतं, ते वर आळीत आणायचं म्हणून. समोर स्वतः दुकानदारच. थोरलीने आधीच जाहीर करून टाकलं होतं की मी एखाद्या शेळीला मत देईन, पण धाकटीला देणार नाही.

तासभर गेला. साहेबांचा पत्ता नव्हता. खाली फोन लावून विचारावं, तर त्या चढावर फोनला रेंज मिळायची मारामार. वर ढग पुन्हा दाटायला लागले. तेवढ्यात चढावरून एक माणूस धापा टाकत आला. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कागदी कपांची चळत. दुकानदाराचा मेहुणा होता तो.

"भाऊजींनी चहा पाठवलाय," तो म्हणाला. "म्हणाले, आळी चढ चढताना दिसली, माणसं ताटकळली असतील. निवांत घ्या म्हणावं, घाई करू नका. संपला तर आणखी आणतो."

रांग खूश झाली. "माणूस विरोधात असला तरी मनाचा मोठा हो," सुतारमामा कप फुंकत म्हणाला.

थोरलीच्या मात्र कपाळाला आठ्या पडल्या. दुकानदाराला ती ओळखून होती. साखर मोजून झाल्यावर तराजूला चिकटलेले चार दाणेसुद्धा बोटाने खरवडून परत पोत्यात टाकणारा माणूस. तो चिखलाचा चढ चढवून फुकट चहा पाठवतो? आणि तोही धाकटीच्या माणसांना?

तिने मेहुण्याला खूण केली आणि भांडं देते म्हणून मागच्या खोलीत नेलं.

"भाऊजींनी मत दिलं का रे?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दिलं की. सकाळीच."

"कुठं?"

"शाळेत," मेहुणा म्हणाला, आणि किटलीच्या झाकणाकडे बघायला लागला.

"कुठल्या शाळेत?"

मेहुणा झाकण काढायला आणि लावायला लागला. एका शेळीने त्याच्या शर्टाचं टोक चघळायला घेतलं तरी त्याला कळलं नाही.

"पाच वाजता बंद होतंय ना तिथं?" थोरली म्हणाली. त्याने मान हलवली. "आणि आता किती वाजले?"

"चार वाजून गेले," तो म्हणाला. "मावशी, मला भाऊजींनी सांगितलं म्हणून आलो. माझं नाव घेऊ नका."

तो मागच्या दाराने निघून गेला आणि थोरली शेळ्यांमध्ये एकटी उभी राहिली. बाहेर हसणं चाललं होतं. त्या सगळ्यांमध्ये खरी गोष्ट आता फक्त तिला माहीत होती. तिने तोंड उघडलं नाही तर धाकटी पडणार. सरळ, स्वच्छ पडणार, आणि थोरलीवर कुणी बोटसुद्धा ठेवू शकणार नाही. भर रस्त्यातल्या त्या वाक्याची अशी परतफेड मागूनही मिळाली नसती.

तिला हसू यायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे आली ती रस्त्याच्या शाळेबाहेर बसलेली धाकटी. सकाळपासून रस्त्याकडे बघत असणार. आपल्या आळीतलं एकही माणूस फिरकलं नाही म्हटल्यावर तिला काय वाटलं असेल? सगळ्यांनी काखा वर केल्या, असंच ना? धाकटीला रडू आवरायचं नाही, हे थोरलीला पुरतं ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी भाजी करपली तरी रडायची ती. थोरलीला तिची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. मग तिने तो राग जिथे काढायचा तिथे काढला.

"माझ्या जावेला पाडायचं तर मी पाडीन," ती शेळ्यांना म्हणाली. "हा तराजू खरवडणारा कोण लागून गेला?"

ती बाहेर आली आणि सुतारमामाच्या हातातला कप काढून घेतला.

"चहा पुरे झाला. मतदान रस्त्याच्या शाळेत आहे. पाचला बंद होतंय. उचला पाय."

रांग मोडली. मग एकदम सगळेच बोलायला लागले. "भोंगेवाला नवी शाळा म्हणाला होता," असं वीटभट्टीवाला तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा थोरलीने त्याला दंडाला धरून वाटेला लावलं. "भोंगेवाल्याशी उद्या भांड. आज चाल."

चढताना लागला नव्हता एवढा चिखल उतरताना लागला. चिकणमातीने एकेक पाय किलोकिलोचा झाला. सुतारमामा पहिल्याच वळणावर बसला आणि बसल्या बसल्या दुसऱ्या वळणापर्यंत गेला. त्याचा इस्त्रीचा सदरा मागून कुठल्या रंगाचा होता हे सांगता येईना. "असंच लवकर पोचतंय," तो खालून ओरडला, तशी दोघंतिघं मुद्दामच बसली. हसून हसून वीटभट्टीवाल्याच्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं. कुणी चपला हातात घेतल्या, कुणी त्या चिखलालाच देऊन टाकल्या.

सुईण आजीचे गुडघे मात्र दाद देईनात. "मला राहू दे बाई," ती म्हणाली. "एका मतानं काय होतंय."

"निम्मी आळी तू जन्माला घातलीस आणि आता म्हणतेस एका मतानं काय होतंय," थोरली म्हणाली. तिने आजीला पाठीवर घेतलं आणि निघाली. आजी हलकी होती, पण तिचं तोंड वाटभर चालू होतं. डावीकडून जा, दगड बघ, माझी पिशवी पडली, उचल.

त्या दोघी रस्त्याला लागल्या तेव्हा बाकीचे फाटकातून आत शिरत होते. फाटकापासून लांब, पुलाच्या कठड्यावर धाकटी बसली होती. डोळे सुजलेले. चिखलाने माखलेली आपली आळी बघून ती उभी राहिली होती. मग तिला आजीला पाठीवर घेतलेली थोरली दिसली. धाकटी दोन पावलं पुढे आली.

थोरलीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोलीस फाटक ओढत होता.

"थांबा, थांबा, आमचं माणूस आहे," थोरली ओरडली आणि आजीला उतरवून तिने अर्धवट फाटकातून आत ढकललं. आजी आत गेली, आजीची पिशवी गेली. थोरलीने पाय उचलला, तर तो चिखलातून सुटेना. जोर लावून ओढला तेव्हा फाटकाची कडी लागली होती.

"अहो, मी यांच्यातलीच आहे," ती म्हणाली.

"पाच वाजले. आत ते आत, बाहेर ते बाहेर," पोलीस म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, पण पाच वाजले होते.

थोरलीने नाद सोडला. आतली रांग पुढे सरकताना तिने गजांमधून बघितलं आणि आल्या वाटेने परत निघाली. शेळ्यांच्या धारा राहिल्या होत्या.

मोजणी दुसऱ्या दिवशी झाली. धाकटी निवडून आली, आणि चांगली दणकून आली. वरच्या आळीत ढोल वाजायला लागला, तो थोरलीला गोठ्यात ऐकू आला. सगळ्यात खट्याळ शेळीची धार काढायला ती बसली होती आणि शेळी तिला बसू देत नव्हती. दारात सावली पडली. धाकटी एकटीच आली होती. तिने भिंतीकडे तोंड केलं नाही.

"तुझं मत राहिलं," ती म्हणाली.

"राहिलं ते बरं झालं. दुकानदाराला देणार होते."

"द्यायचंस की. मला कुठं कमी पडली?"

"मग आलीस कशाला?"

"विचारायला. खरं सांग, कुणाला देणार होतीस?"

"मत गुप्त असतं," थोरली म्हणाली. शेळीने लाथ झाडली आणि भांडं थोडक्यात वाचलं. "आलीच आहेस तर नुसती उभी राहू नकोस. पाय धर."

धाकटी ताठ झाली. "कुणाचे?"

"शेळीचे, आणखी कुणाचे?" थोरली म्हणाली. "माझे धरायचे असतील तर मग धर, जरा हात मोकळे होऊ देत."

धाकटी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तशीच खाली बसून तिने शेळीचे मागचे पाय घट्ट धरले.