विंडोजवर चालवतं कोण?

मी दहिवलीच्या चौबळांच्या घरातला संगणक बोलतोय. विंडोजवाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून कळलं की काही लोक नाक मुरडतात. आज मी जरा चिडूनच बोलणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, डिस्क तिसरीकडची. कर्जतच्या बाजारात एका दुकानदारानं मला जोडलं आणि हर्षलाताईंनी रिक्षातून मांडीवर धरून घरी आणलं. हर्षलाताई तेव्हा इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायच्या. त्यांचे यजमान विलासराव हायस्कुलात भूगोल शिकवतात. खिडकीजवळच्या टेबलावर माझी स्थापना झाली. दर दसऱ्याला विलासराव माझ्या डोक्यावर झेंडू ठेवतात आणि त्याच्या पाकळ्या पुढे आठवडाभर माझ्या पंख्यात अडकतात. माणसं पूजा करतात आणि साफसफाई विसरतात, हे मला तेव्हाच कळलं.

मला वाटलं होतं, प्रश्नपत्रिका छापू, लग्नाचे फोटो जपू, सुखात राहू. पण नशिबात होती ओसरी.

ओसरी हे एका प्रोग्रामचं नाव. तुम्ही मोबाइलवर एखादं पान उघडता ना, तेव्हा पलीकडच्या कुठल्यातरी संगणकात एक प्रोग्राम दाराशी बसलेला असतो. तो तुमचं मागणं ऐकतो आणि आतून पान आणून देतो. त्याला वेब सर्व्हर म्हणतात. ओसरी त्यातलीच एक. पुण्यातल्या काही मित्रांनी ती लिहिली आणि सगळं लिखाण जगासाठी उघडं ठेवलं. ज्याला वाटेल त्यानं वाचावं, वापरावं, सुधारावं. पुढे देशोदेशीची माणसं हातभार लावू लागली. पण झाडून सगळी लिनक्सवाली, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर काम करणारी. माझ्यासारख्या विंडोजवाल्यावर ती ओसरी चालेचना.

हर्षलाताईंना ती माझ्यावर चालवायची होती, आणि त्याला कारण होता नीलेश.

नीलेश हा ताईंचा जुना विद्यार्थी, भिवपुरीजवळच्या गावचा. घरची भातशेती आहे, पण नोकरी खालापूरला एका ट्रस्टच्या औषधांच्या गोदामात. तिथून आसपासच्या दवाखान्यांना औषधं जातात. एकदा तो ताईंकडे आला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून म्हणाला, "ताई, साप चावलेलं मानूस घेऊन लोकं या दवाखान्यातनं त्या दवाखान्यात फिरतात. इंजेक्शन कुटं शिल्लक हाय ते कोनालाच म्हाईत नसतं. आमच्या गोदामाच्या कॉम्प्युटरमदी सगळी म्हाईती हाय. ती लोकांना मोबाइलवर नाय का दाखवता येनार?"

दाखवता येणार होती. पण गोदामाचा साठ्याचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालायचा आणि तो बदलायला ट्रस्ट तयार नव्हता. म्हणून ताईंनी ओसरीलाच विंडोजवर आणायचं मनावर घेतलं. ते सगळं काम माझ्या अंगावर झालं.

काय सांगू तुम्हाला! लिनक्सवाल्यांकडे फाइलचा पत्ता लिहिताना रेघ उजवीकडे झुकते, माझ्याकडे डावीकडे. एवढ्याशा रेघेपायी ताईंनी कपाळाला हात लावलेला मी पाहिलाय. त्यांच्याकडे उघडी फाइल खुशाल बदलता येते. माझ्याकडे एकानं फाइल उघडली की दुसऱ्याला तिला हात लावायची सोय नाही. फाइलला 'ऑक्स' हे नाव दिलेलं मला चालत नाही. का चालत नाही, ते मला लहानपणापासून कुणी सांगितलेलं नाही, पण नाही चालत. आणि परदेशातल्या एका भल्या गृहस्थानं हौसेनं नेमकं तेच नाव दिलं होतं.

त्यात माझा पहारेकरी. व्हायरस पकडायला ठेवलेला प्रोग्राम हो. ताईंनी घाम गाळून ओसरी तयार करावी आणि यानं अनोळखी म्हणून तिला कोंडून घालावं! घरच्या सुनेला घरच्याच कुत्र्यानं दारात अडवावं, तशी गत. "अरे मेल्या, मीच लिहिलंय ते!" ताई ओरडायच्या. चिडलं की माणूस एंटरचं बटण जोरात दाबतो. त्यानं काम लवकर होत नाही, माझा कीबोर्ड मात्र लवकर जातो.

पण ताईंनी चिकाटी सोडली नाही. ओसरी माझ्यावर चालली आणि मग नीलेशच्या गोदामातही चालली. नर्सबाई, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, गावागावातले सरपंच ते पान उघडायला लागले. कुठे किती इंजेक्शनं आहेत, एका नजरेत कळायचं. ताईंची कॉलर जरा ताठ झाली, आणि माझा पंखाही.

मात्र अशी कामं एकदा करून संपत नाहीत, ही गोष्ट माणसांच्या लक्षात येत नाही. पुण्याकडची मंडळी दर महिन्याला ओसरीत काहीतरी नवं घालायची. ते त्यांच्याकडे झकास चालायचं, माझ्याकडे पहिल्याच फटक्यात कोसळायचं. मग ताई दुरुस्त करायच्या. तोवर तिकडून पुढचं यायचं. एकीनं सारवायचं आणि दहा जणांनी चिखलाच्या पायांनी त्यावरून जायचं, असा प्रकार. कुणी विचारायचं नाही, कुणी थांबायचं नाही.

एक दिवस नवीनचा व्हिडिओ कॉल आला. नवीन मूळ नागपूरचा, आता पुण्यात असतो. ओसरीची नवी आवृत्ती केव्हा आणि कशी काढायची, हे तो ठरवतो. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत.

"हर्षला, ओसरीच्या मंडळाचं मत असं पडलंय की पुढच्या आवृत्तीपासून विंडोज बंद करावं," तो म्हणाला. "तुझ्या दुरुस्त्यांसाठी सगळ्यांना थांबावं लागतं."

"माझ्यासाठी? नवीन, तुम्ही मोडता आणि मी जोडते. थांबतं कोण?"

"पण विंडोजवर चालवतं कोण? मला आकडे दाखव."

"औषधाच्या गोदामात चालतं, शाळांमध्ये चालतं. ती माणसं तुमच्या मंडळाला इंग्रजीत पत्रं लिहीत नाहीत म्हणून ती नाहीतच का?"

"मी समजू शकतो. पण..."

"नाही समजू शकत. तू एकदा तरी विंडोजवर ओसरी उभी केली आहेस का? एकदा तरी?"

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "करा बंद," त्या म्हणाल्या. "मलाही आता पुरे झालंय."

आणि त्यांनी खरोखरच सोडलं. मी पुन्हा विलासरावांच्या प्रश्नपत्रिका छापू लागलो. 'सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस जास्त का पडतो?' वगैरे. मला आराम वाटायला हवा होता, पण वाटला नाही. ताई माझ्यासमोर बसायच्या, वर्तमानपत्र वाचायच्या आणि उठून जायच्या.

विलासराव एकदा म्हणाले, "बरं झालं सोडलंस. डोकेदुखी गेली."

"गेली खरी," ताई म्हणाल्या, पण डोकं दाबतच म्हणाल्या.

मग ओसरीत एक भगदाड सापडलं. बाहेरच्या कुणालाही त्यातून आत शिरून फाइली वाचता आल्या असत्या. पुण्याच्या मंडळींनी घाईघाईनं दुरुस्ती काढली. अर्थात फक्त लिनक्ससाठी. विंडोजवाल्यांसाठी सूचना होती, 'वापर थांबवावा.' गोदामाच्या व्यवस्थापकांनी ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी पान बंद केलं. त्यांचंही चुकलं नाही. दवाखाने रोज कळवायचे त्या हिशेबात रुग्णांची नावं होती.

नीलेशनं ताईंना फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी ते काम सोडलंय रे. नवीनला सांगून बघ." नीलेशनं पुण्याला तीनतीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

भातकापणी सुरू होती. नीलेशची चुलती, सोनुबाई, भर दुपारी कापणी करताना पेंढी उचलायला वाकली आणि घोणस हाताला चावली. नीलेश तेव्हा औषधं आणायला पनवेलला गेलेला. घरच्यांनी तिला टेंपोत घातलं आणि मोबाइलवर पान उघडलं. पान उघडेना. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं इंजेक्शन संपलेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्रथमोपचार करून पुढे पाठवलं, तर तिथला साठा सकाळीच वापरून झालेला. तिसऱ्या ठिकाणी इंजेक्शन मिळालं. पण तोवर विष अंगात भिनलं होतं आणि मूत्रपिंडांवर घाला पडला होता.

हे सगळं मला नीलेशच्या तोंडून कळलं. तो दारात चपला काढायलाही विसरला. "ताई, काकीला डायलिसिसवर ठेवलंय. तिसऱ्या दवाखान्यात इंजेक्शन होतं. आदी सरळ तिथं नेलं असतं तर..." मग एकदम म्हणाला, "तुमाला बोल नाय लावत. पन मी कोनाकडं जाऊ, ते तरी सांगा."

ताईंनी त्याला पाणी दिलं. स्वतःही प्यायल्या आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

इथे मला एक बोलू द्या. नंतर जो तो विचारायचा, हर्षलाताईंनी काम का सोडलं? सगळ्यांचं ओझं एकटीच्याच खांद्यावर का होतं, हे कुणी विचारलं नाही. मी विचारतोय. पण आमचं ऐकतो कोण?

पुण्याची दुरुस्ती माझ्यावर चालणं शक्यच नव्हतं. ती उघड्या फाइलच्या जागी दुसरी फाइल आणून ठेवायची आणि ते मला जमत नाही. ताईंनी सगळा भाग नव्यानं लिहायला घेतला. ऐन मध्यावर मला अपडेट आलं आणि मी आपला बंद होऊन पुन्हा सुरू झालो. ताईंचं अर्धं काम गेलं. मला माझाच संताप आला. तो आतला कारभार माझ्या हातात नसतो हो! मग पहारेकऱ्यानं नेहमीप्रमाणे ओसरीला कोंडलं. ताई या वेळी ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे त्याच्या तावडीतून तिला सोडवलं आणि पुन्हा सुरुवात केली. त्यांचं ते न ओरडणं मला फार जड गेलं.

दुरुस्ती झाली. गोदामाच्या व्यवस्थापकांनी ती तपासून घेतली आणि पान पुन्हा चालू झालं. त्याच दिवशी ताईंनी नवीनला फोन लावला. "आकडे मागत होतास ना? आकडा नाही माझ्याकडे. एका बाईचं नाव आहे. तू इथे ये, या टेबलाशी बस आणि तुझ्या हातानं ओसरी उभी करून दाखव. मग काय ते बंद कर."

नवीन आला. मला खोटं बोलता येत नाही, त्या दिवशी मला मजा आली. त्यानं पहिला हुकूम सोडला आणि मी तो नाकारला. दुसरा सोडला, पहारेकऱ्यानं अडवला. मग मी निरोप दिला, 'ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे.'

"कुठल्या प्रोग्राममध्ये?" नवीन माझ्यावर खेकसला.

"ते तो सांगत नाही," ताई म्हणाल्या. "चहा घेणार?"

दुपार कलली तरी तो झगडत होता. बाह्या वर गेलेल्या, केस विस्कटलेले, आणि एंटरचं बटण, विचारू नका. तेवढ्यात नीलेश आला. सोबत सोनुबाई. तिला तपासणीसाठी कर्जतला आणलं होतं. डायलिसिस थांबलं होतं, जीव वाचला होता, पण उजव्या हाताची बोटं अजून मिटत नव्हती. डाव्या हातात पोह्यांची पिशवी होती. "नव्या भाताचं हायेत. बाय, तुज्यासाठी आनलं," ती ताईंना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ह्योच का तो, ज्याच्यावर इंजेक्शनचं पान बनवतात?"

"होय काकी," नीलेश म्हणाला.

सोनुबाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग त्या दिशी का गप होता रं तू?"

नवीननं हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. मग तो तिला म्हणाला, "मावशी, तो गप नव्हता. त्याला आम्ही गप केलं होतं."

"असं नका करू रं पोरांनू," ती म्हणाली आणि आत पाणी प्यायला गेली.

नवीन रात्रीचा मुक्काम न करता परत गेला, पण जाण्याआधी त्यानं एक नियम लिहून घातला. कुणाचाही बदल विंडोजवर चालल्याशिवाय ओसरीत घ्यायचा नाही, आणि मोडलं तर ज्यानं मोडलं त्यानंच जोडायचं. मंडळातले दोघे जण या नियमावर रागावून निघून गेले. बाकीचे कुरकुरत का होईना, शिकले. 'ऑक्स'वाल्या गृहस्थांनी फाइलचं नाव बदललं आणि माफीही मागितली. आता ताई एकट्या नाहीत. दोन माणसं जोडीला आहेत आणि ती ताईंइतकीच वैतागलेली असतात. वैताग वाटून घेतला की थोडा कमी होतो, असं दिसतं.

माझं म्हणाल तर माझी मुदत संपली आहे. नवं विंडोज माझ्यावर चढत नाही. 'आपला संगणक पात्र नाही,' असं मीच माझ्या पडद्यावर जाहीर करतो. दुसऱ्या कुणाला हा अपमान स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवावा लागतो का? मंडळानं ताईंना नवा संगणक पाठवला. तो टेबलावर बसला, मी टेबलाखाली आलो. विलासराव मला भंगारवाल्याकडे द्यायला निघाले होते.

"थांब," ताई म्हणाल्या. "नीलेशच्या गोदामात अजून असलाच आहे. दवाखान्यांतूनही असलेच आहेत. नव्यावर चाललं म्हणून त्यांच्यावर चालेल, हे कुणी सांगितलं?"

म्हणून मी अजून आहे. इथे खाली धूळ जास्त आहे, विलासरावांचा पाय अधूनमधून लागतो. तरी ओसरीचा प्रत्येक नवा बदल आधी माझ्याकडे येतो.

तेव्हा तुम्हा लिहिणाऱ्या शहाण्या माणसांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या चकचकीत यंत्रावर एखादी गोष्ट झोकात चालली, की लगेच जगात सोडू नका. एकदा दहिवलीला पाठवा. मी अडखळेन, चार शिव्या घालीन, पण चालवून बघीन.