आपापलं मूल धरा

फुआतिनोनं लेकीची बॅग एका बोटानं उचलली. आणि ती उचलली गेली!

"रिकामी आहे ही."

"सामान कमी आणलं, आई," पेलेनिसे म्हणाली.

ऑकलंडहून येणारं माणूस अख्ख्या गावाला पुरतील एवढे बिस्किटांचे डबे आणतं. मागं शेजारचा ताविता आला, तेव्हा त्याच्या बॅगांनी बोट एवढी दबली की मासे तिकीट न काढता आत आले. रिकामी बॅग घेऊन येतं ते काहीतरी भरून न्यायलाच. आणि या घरात नेण्यासारखं एकच होतं, सात वर्षांची लेउते. पेलेनिसेनं तिला जन्म दिला, आईच्या मांडीवर ठेवलं आणि नोकरीला परदेशी गेली. इथं पहिलं मूल आजीचंच. त्याचे कागद कोण करतं?

त्यात राजधानीतून, आपियाहून, लागी नावाची पोलीसबाई आली होती; दुपारी तिनं सभा भरवली. सभेच्या घराला भिंती नाहीत, त्यामुळे गावाबरोबर कोंबड्याही जमल्या.

"मूल कुणी पळवलं, की देशातला प्रत्येक फोन एकदम ओरडणार," लागी म्हणाली. "आईनं फक्त आम्हाला कळवायचं."

"कुठल्या आईनं?" मागून एक बाई म्हणाली. "व्याली तिनं, की वाढवलं तिनं? माझ्याकडं बहिणीची दोन आहेत, माझी तीन नणंदेकडं. चोर कोण गं, मी की ती?"

"अख्खं गावच आत टाका, बाई! जेवायला तरी मिळेल!"

हशा ओसरेपर्यंत लागी थांबली. फुआतिनो मात्र हसली नव्हती.

"जन्म दिलेल्या आईनं नेलं तर?"

"तिचा हक्क आहे, आजी."

"आणि आजीनं दिलंच नाही? लपवून ठेवलं?"

"मग फोन तुमच्या नावानं ओरडतील."

शेजारी बसलेली पेलेनिसे चटईची काडी उपसत होती. तिनं मान वर केली नाही. ती आणि लागी एकाच बोटीनं आल्या होत्या. हिनंच पढवून आणली असेल या बाईला, फुआतिनोच्या मनात आलं. तिनं लेउतेला ओढून दुसऱ्या बाजूला बसवलं.

"आता एकदा वाजवून बघू," लागी म्हणाली. "आवाज झाला की आपापलं मूल धरा. कोण एकटं राहतं ते मला दिसलं पाहिजे."

फोन ओरडले. असे ओरडले की डुकरं माडावर चढली, आणि पाद्रीबाबांना वाटलं शेवटचा दिवस आला, निदान आज प्रवचन तरी टळलं. बायकांनी झडप घातली. हात, वेणी, चड्डी, हाताला लागेल ते धरलं.

मग सगळं शांत झालं.

"ही कुणाची?" लागीनं विचारलं.

मधोमध लेउते उभी होती, कमरेवर हात ठेवून. "आजी! मी इकडंय!"

फुआतिनोनं खाली पाहिलं. तिच्या मुठीत पेलेनिसेचा दंड होता. बोटं रुतली होती. आणि तिशीतली पेलेनिसे आईच्या कुशीत तोंड खुपसून बसली होती.

 

"जा," फुआतिनो लेकीला म्हणाली, "धर तिला."

पेलेनिसे उठायला लागली. पण आईनं दंड सोडलाच नव्हता.